आधी चालावं की आधी बसावं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



जयंतीच्या अंकासाठी ‘यंदा आरोग्यावर काहीतरी लिहा’ असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी डॉक्टर नाही, योगशिक्षकही नाही. शाळेत भूगोल आणि मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. पण आमच्या घरात गेल्या काही वर्षांत जे घडलं, आणि त्यापायी मी जे वाचलं, चार जाणत्यांना विचारलं, ते देवळात येणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींच्या उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून लिहितो आहे. प्रश्न साधा आहे. साठी उलटलेल्या माणसानं हाती असलेला वेळ कशाला द्यावा? चालण्या-फिरण्याला, व्यायामाला, की जपाला आणि ध्यानाला? ‘दोन्ही करावं’ असं तोंडानं आपण सगळेच म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेकजण एकच करतात आणि त्यात दुसऱ्याची भरपाई झाली असं धरून चालतात. आमच्या घरी दोघांनी हेच केलं. एक वहिनी आणि दुसरा मी.

थोरले दादा गेले त्याला आता सहा वर्षं होतील. दादा होते तोवर वहिनींचा पाय घरात ठरत नसे. पहाटे अंगण, मग परसातलं शिंपण, दुपारी बांधावर जाऊन गवताचा भारा. नळ आल्यावरही पिण्याचं पाणी विहिरीचंच, हा त्यांचा हट्ट. दादा गेले आणि वहिनी देवघरात बसल्या त्या बसल्याच. सकाळी तीन तास माळ, संध्याकाळी दोन तास पोथी. सुनेनं प्रेमानंच हातातली कामं काढून घेतली, ‘आई, तुम्ही आता देवाचं करा’ म्हणाली. आम्ही सगळे कौतुक करत होतो. मी तर दोन-चार ठिकाणी सांगत सुटलो, की दुःख कसं पचवावं ते आमच्या वहिनींकडून शिकावं. असं तीन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी गुरुचरित्राच्या सप्ताहात, मी वाचायला आणि त्या ऐकायला, पाचव्या दिवशीचं वाचन आटोपलं. वहिनी आसनावरून उठल्या, दोन पावलं टाकली, उंबऱ्याला पाय अडखळला आणि खाली गेल्या. खुब्याचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी चित्र दाखवलं, हाड ठिसूळ झालंय म्हणाले, ते वयानं होतंच. मग विचारलं, ‘दिवसाला किती चालतात?’ आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ते म्हणाले, ‘मांडीत जीवच उरला नाही. अडखळतो तर आपण सगळेच, पण सावरायला स्नायू लागतो.’

शस्त्रक्रिया नीट झाली. लगेच व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी येऊ लागली. ‘आजी, चला, उभं राहायचंय.’ वहिनींनी तोंड फिरवलं. ‘बाळा, माझा चार दिवसांचा जप राहिलाय. तो आधी होऊ दे, मग तुझं.’ ती मुलगी हुशार. म्हणाली, ‘आजी, जप उभ्यानं होत नाही का?’ वहिनी माझ्याकडे पाहायला लागल्या. मला उत्तर आलं नाही. चौतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारण्यात घालवली, आणि या प्रश्नापाशी मास्तर गप्प.

आता माझं सांगतो. मी उलट टोकाचा. निवृत्त झाल्यापासून पहाटे पाचला बाहेर. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, मुलानं आणून दिलेलं. आठ हजार पावलं झाली नाहीत तर घरातल्या घरात येरझाऱ्या. वजन ताब्यात, साखर ताब्यात. पण रक्तदाब काही केल्या खाली येईना, झोप रात्री दोनला मोडायची, आणि राग तर नाकावर. आरतीला उभा राहिलो तरी लक्ष घड्याळाकडे. पाच मिनिटं डोळे मिटून बसा म्हटलं की मला खाज सुटायची. वहिनींच्या अपघातानंतर आमच्या सौभाग्यवतीनं एका वाक्यात निकाल दिला: ‘त्यांना कुणी उठवलं नाही आणि तुम्हाला कुणी बसवलं नाही.’

तेव्हापासून मी या विषयाचा विद्यार्थी झालो. जे हाती लागलं ते मांडतो.

व्यायामाबद्दलची आधुनिक गोष्ट सुरू होते ती लंडनच्या बसमधून. १९५३ साली जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. एकाच बसमध्ये, एकाच धुरात, एकाच गर्दीत काम करणारी ही माणसं. पण दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त, असं निघालं. आपल्या एस.टी.त दुमजली जिने नाहीत, पण मुद्दा समजायला तेवढं पुरे. पुढे २०११ साली अमेरिकेत १२० वृद्धांवर वर्षभर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटांपर्यंत चालायला लावलं, अर्ध्यांना नुसते ताणाचे हलके व्यायाम दिले. मेंदूत आठवणींचं काम पाहणारा एक लहानसा भाग असतो, जो वयानुसार आक्रसत जातो. चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे २ टक्के वाढला. दुसऱ्या गटात तो घटला. म्हणजे स्मरण टिकवायचं तर केवळ पाठांतर पुरत नाही, पायही लागतात. मला हे वाचून गंमत वाटली, कारण आमच्या लहानपणी परवचा म्हणताना आजोबा ओटीवर फेऱ्या मारत असत.

स्नायूंचा हिशेब तर अगदी रोकडा आहे. तिशी-चाळिशी ओलांडली की दर दहा वर्षांना स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटत जातात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वापर थांबला तर आणखी वाढतो. वहिनींच्या तीन वर्षांच्या बैठकीत काय झालं ते यावरून कळतं. माळ ओढून मांडीचा स्नायू राहत नाही. देवाचा यात काही दोष नाही. देवानं स्नायूचा कायदा सगळ्यांना सारखाच लावलाय.

आता ध्यानाची बाजू. इथे आपली भक्तमंडळी थोडी जास्त बोलतात, आणि योगाचा व्यापार करणारे तर फारच. २०१४ साली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी ध्यानावरच्या ४७ नीट झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण ३,५१५ माणसं. चिंता, खिन्नता आणि दुखणं यांत ध्यानानं थोडा ते मध्यम उतार पडतो असं दिसलं. ही लहान गोष्ट नव्हे. पण व्यायाम किंवा औषध यांच्याशी तुलना केली तेव्हा ध्यान त्यांच्यापेक्षा सरस आहे असा पुरावा मिळाला नाही. आपल्या देशातही एक मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर, २४ रुग्णालयांत. निम्म्यांना हलकी आसनं, श्वसन आणि ध्यान शिकवलं. २०२० साली निकाल छापून आला. योग करणाऱ्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली, आणि ती माणसं आपल्या पूर्वीच्या कामाला अधिक प्रमाणात लागली. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू टळणं मात्र त्या आकड्यांत सिद्ध झालं नाही. दोन्ही गोष्टी सांगाव्यात. अर्धी सांगणं हा भक्तीचा भाग नव्हे.

जपाबद्दलचा जो अभ्यास मला सगळ्यात आवडला तो इटलीतला आहे. बर्नार्दी नावाच्या डॉक्टरांनी २००१ साली तो प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा बौद्धांचा ‘ओम मणि पद्मे हुम्’. दोन्ही वेळा श्वास आपोआप मंद होऊन मिनिटाला साधारण सहावर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा अधिक नीट चालू लागली. मी घरी घड्याळ समोर ठेवून आपला ‘दिगंबरा’चा अठरा अक्षरी मंत्र म्हणून पाहिला. घाई न करता, एका उच्छ्वासात एकदा. मिनिटाला सहा ते सातच्या आसपासच येतो. टेंब्ये स्वामींनी तो श्वास मोजून दिला असं मी म्हणत नाही. पण गडबडीनं माळ संपवणारे आपण त्यातलं काय गमावतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी स्वतः आधी मिनिटाला वीस-वीस म्हणत असे.

तर दोन्हींची कामं वेगळी आहेत. व्यायाम शरीराला ताण देतो आणि मग ते घट्ट होतं. ध्यान ताण सोडायला शिकवतं. ज्याला चढ चढून दम लागतो त्याला ध्यान दम देणार नाही. ज्याला रात्री दोनला जाग येऊन जुने हिशेब आठवतात, त्याला आणखी दोन हजार पावलं झोप देतीलच असं नाही. माझ्यावरून सांगतो.

मग पोथ्यांमध्ये ‘बस, स्थिर हो, एकांतात जा’ असंच का सांगितलेलं असतं? ‘रोज अर्धा तास चाल’ असं कुठल्या अध्यायात आहे? यावर मी बराच विचार केला, आणि उत्तर मला आपल्या खालापूरच्या भातशेतीत सापडलं. राब भाजायचा, चिखलणी, मग गुडघाभर पाण्यात वाकून आवणी, कापणी, झोडणी, भारे डोक्यावरून खळ्यात, वर्षभर घरी उखळ-मुसळ. चौकाचा बाजार पायी, महडचा गणपती पायी, लग्नाचं आमंत्रण करायला घाटावर जायचं तरी बोरघाट पायी. ज्या माणसाचा दिवस असा जात होता त्याला पोथी काय सांगणार? ‘बाबा रे, जरा बस.’ आपल्या पणजोबांना बसण्याची गरज होती, कारण ते उभेच होते. आपण कारखान्यात, कचेरीत, मोटारीत, टीव्हीपुढे आधीच बसलेलो आहोत, आणि बसलेल्याला पोथी पुन्हा बसवते असं समजतो.

शिवाय पोथी नीट वाचली तर ती इतकी बैठीही नाही. भागवताच्या एकादश स्कंधातले अवधूताचे चोवीस गुरू आपल्याला तोंडपाठ असतात. त्यात एकाग्रता शिकवणारा गुरू कोण? बाण सरळ करणारा कारागीर, जो कामात इतका बुडाला की दारावरून राजाची वाजतगाजत स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. आणि एकांत शिकवणारी? भात कांडणारी कुमारिका. पाहुणे आलेले, घरात तांदूळ नाही, कांडताना काकणं वाजतात म्हणून ती एकेक काढत जाते आणि हातात एकच ठेवते. म्हणजे ध्यानाचे हे दोन्ही धडे अवधूताला काम करणाऱ्या हातांपाशी मिळाले. अजगरही गुरू आहेच, पडून राहणारा, तो मी लपवत नाही. पण चोवीसांत अजगर एकच. आपण मात्र नेमका त्यालाच पकडून ठेवतो.

दत्तात्रेयांच्या नावावर ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ हा एक जुना संस्कृत ग्रंथ आहे. सांकृती मुनी विचारतात आणि दत्तप्रभू मंत्रयोग, लययोग, हठयोग उलगडून सांगतात. हठयोग त्या नावानं शिकवणाऱ्या सर्वांत जुन्या ग्रंथांत अभ्यासक त्याची गणना करतात. त्यात विघ्नांच्या यादीत पहिलं नाव आळसाचं आहे. आणि कुठल्याही मताचा असो, वेष कसाही असो, सिद्धी मिळते ती करणाऱ्यालाच, नुसत्या बोलण्यानं नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. अगदी चार्वाकालाही तिथे दार बंद नाही, हे वाचून मी चकित झालो.

इथे कुणी जाणकार मला अडवील, आणि अडवावंच. ‘हठप्रदीपिके’त नवख्या साधकाला कायाक्लेश टाळायला सांगितलं आहे, आणि तिच्यावरच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत तर कायाक्लेशाचं उदाहरण म्हणून फार सूर्यनमस्कार घालणं, ओझी उचलणं हेच दिलं आहे. म्हणजे शास्त्र व्यायामाविरुद्ध आहे की काय? माझ्या समजुतीप्रमाणे तो सल्ला दिवसातून चार-चार वेळा कुंभक करणाऱ्या, मठात राहून मोजका आहार घेणाऱ्या तरुण साधकाला आहे. लोधिवलीत सकाळी पोहे आणि दुपारी आमटी-भात खाऊन तासभर झोपणाऱ्या मला तो लागू करून घेणं म्हणजे शास्त्राला आपल्या आळसाच्या कामाला जुंपणं. टेंब्ये स्वामींचंच बघा. माणगावला १८५४ साली जन्म, १९१४ साली नर्मदेकाठी गरुडेश्वरला समाधी. संन्यास घेतल्यावर भारतभर हिंडले ते पायी. चातुर्मासात एका जागी, बाकी वाट. त्यांच्या चरित्रात अनुष्ठान आणि पायपीट वेगवेगळी काढताच येत नाहीत.

आता ज्यांच्याकडून मी सगळ्यात जास्त शिकलो त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडून खोपोली गाठली, घाट चढला की लोणावळा. तिथे कैवल्यधाम आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी पाटी पाहिली असेल. ऑक्टोबर १९२४ मध्ये ते स्थापन केलं स्वामी कुवलयानंदांनी. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. हा माणूस आधी ध्यानातला नव्हे, आखाड्यातला. बडोद्याला राजरत्न प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचं शिक्षण घेतलं. पुढे अमळनेरला शिक्षणाच्या कामात राहिले. मग नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदासजींची भेट झाली आणि योगाची दीक्षा मिळाली. म्हणजे एकाच माणसात आखाडा आणि आसन दोन्ही, आणि दोन्ही गुरूंकडून रीतसर.

त्यांनी केलं काय, तर दोन्हींना क्ष-किरणाच्या यंत्रापुढे उभं केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं, दाब किती बदलतो, आसनात रक्तदाब कुठे जातो, हे मोजलं, आणि ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात १९२४ पासून छापत गेले. श्रद्धा असलेल्या माणसानं श्रद्धेची गोष्टच तपासायला घ्यावी, याला मोठं धैर्य लागतं. निकाल काहीही लागू शकला असता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आसनं ही दंडबैठकांची गरीब बहीण नव्हेत. दंडबैठकांचा रोख स्नायूंवर, आसन-प्राणायामाचा रोख मज्जासंस्था आणि शरीरातल्या ग्रंथींवर. म्हणून आसन घाम गाळत, धापा टाकत करायचं नसतं. आणि गंमत म्हणजे, योगाचा एवढा पुरस्कर्ता असूनही त्यांनी व्यायामाला हद्दपार केलं नाही. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात ते पुढे होते, शाळांसाठी दोन्हींचा मेळ घालत होते. १९६६ साली ते गेले. त्यांच्या काळातले काही निष्कर्ष आज नव्या उपकरणांनी पुन्हा पाहावे लागतात, ते साहजिक आहे. पण कुठल्या साधनाचं काम काय, हे आधी विचारावं, ही त्यांची शिस्त मला पटली. तिकडे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच सुमारास सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत नेला, आणि प्रत्येक नमस्काराला मंत्र ठेवलाच. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस रोज दहा-दहा तास बसवतात, इतर व्यायाम बंद असतो, पण मधल्या सुटीत चालायची मुभा तिथेही आहे.

बरं, प्रत्यक्षात आपण काय करावं? मी जे करतो आणि वहिनींकडून करून घेतलं ते सांगतो. ज्याला हृदयाचं, चक्कर येण्याचं, सांध्याचं दुखणं आहे त्यानं आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

चालणं आधी, बसणं मागून. चालून आल्यावर शरीराची चुळबूळ शमलेली असते आणि मन लवकर टेकतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम चाल सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मध्यम म्हणजे किती, याची खूण डॉक्टर सांगतात की बोलता यावं पण गाता येऊ नये. आपल्या भाषेत, चालता चालता जप म्हणता यावा, पद मात्र चालीवर म्हणता येऊ नये. पदही सुखानं म्हणता येत असेल तर पाय जरा उचला. जपालाही दम लागत असेल तर हळू व्हा. फक्त पुणे रस्त्याच्या कडेनं चालू नका. त्या कंटेनरांच्या वाऱ्यानंच माणूस हलतो. पावसाळ्याचे चार महिने तर आपल्याकडे बाहेर पडायची सोयच नसते. तेव्हा देवळाचा सभामंडप आहे, घरची ओटी आहे.

प्रदक्षिणेबद्दल मला विचारतात की त्यात दोन्ही साधत नाही का. बरंचसं साधतं. मी पावलं मोजली. माझ्या पावलांनी देवळाभोवतीची एक फेरी साठ पावलांची होते. १०८ फेऱ्या म्हणजे साडेसहा हजारांच्या आसपास पावलं. पण प्रदक्षिणा संथ घालायची असते, गरोदर बाई घागर घेऊन चालते तशी, असं जुनी माणसं सांगत. तिनं तोल सुधारतो, मन लागतं, पण छातीला जो हलका दम हवा तो मिळत नाही. तेव्हा प्रदक्षिणा हा चालण्याचा पर्याय नव्हे, चालणं आणि बसणं यांच्या मधला पूल आहे. औदुंबराच्या लहान पारावर एकाच दिशेनं फिरताना गरगरत असेल तर मोठी फेरी घ्यावी. आणि मधुमेही मंडळींनो, अनवाणी प्रदक्षिणेचा तुमचा आग्रह मला माहीत आहे. पायाची संवेदना कमी झाली असेल तर तापलेली फरशी किंवा रुतलेला खडा कळत नाही, जखम चिघळल्यावर कळते. पायांत स्वच्छ मोजे घाला. पहाटे घाला फेऱ्या, दुपारी नको. महाराज मोज्यांवर रागावणार नाहीत.

ताकदीसाठी एकच परीक्षा घरी करून पाहा. भिंतीला टेकवलेल्या साध्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा, आणि हातांचा आधार न घेता अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. शेजारी कुणीतरी असू द्या. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषाला १२ आणि बाईला १० च्या खाली आकडा आला तर पडण्याचा धोका धरतात. वहिनींना सुरुवातीला हाताशिवाय एकदाही उठता येत नव्हतं. मग हाच त्यांचा व्यायाम झाला: उठताना नाम, बसताना नाम. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, मग वाढवत वाढवत. मी मात्र आठ किलोमीटरच्या गुर्मीत परीक्षेला बसलो आणि अकरावर थांबलो! चालणाऱ्याचीही मांडी तपासावी लागते, हे तेव्हा कळलं.

बसण्याचंही शास्त्र आहे. पतंजलींनी आसनाला दोनच अटी घातल्या, ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. गुडघा ओरडत असताना मांडी घालून बसणं यात सुखही नाही आणि लक्षही नाही. खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ. पोथी संपल्यावर ताडकन उठू नका. मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, आणि उठताना रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, विशेषतः गोळ्या चालू असतील तर. पाय मोकळे करा, घोटे दहा-वीस वेळा वरखाली हलवा, मिनिटभर थांबा, आधार धरून उभे राहा, मग पाऊल. आमच्या वहिनींच्या बाबतीत हे मिनिट कुणी दिलं नाही, मीसुद्धा. पोथी मिटून मी आधी नैवेद्याचं ताट बघायला गेलो होतो. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणारी आसनं, आणि हाडं ठिसूळ असलेल्यांनी जोरानं पुढे वाकणं टाळावं.

आणखी एक गोष्ट सांगायला अवघड वाटते, तरी सांगतो. दुःखात बुडालेल्या माणसाला एकटं बसवणं नेहमी बरं नसतं. वहिनी देवघरात तीन-तीन तास असत तेव्हा सगळा वेळ जपच चाललेला नसे. हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. ‘भावजी, माळ फिरत होती, पण मी दादांशीच भांडत असे, मला टाकून का गेलात म्हणून.’ आम्ही बाहेरून त्याला वैराग्य म्हणत होतो. घरातलं कुणी असं बसलं असेल, जेवण तुटलं असेल, झोप उडाली असेल, तर देवाचं चाललंय म्हणून सोडून देऊ नका. जवळ जाऊन बसा, बाहेर चालायला न्या, आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडेही न्या.

मला बसायला शिकवलं ते वहिनींनीच. त्यांना चालायला मी सोबत करायची आणि मला बसायला त्यांनी, असा सौदा झाला. पहिले दोन महिने मी दहा मिनिटांत चार वेळा डोळे उघडायचो. त्या म्हणायच्या, ‘घड्याळ काढून ठेवा.’ आता वीस मिनिटं होतात. श्वासाबरोबर एक मंत्र, बस्स. डॉक्टरांची गोळी मी बंद केलेली नाही आणि तुम्हीही करू नका. पण रात्री दोनला जाग आली तर आता तळमळ नसते. पडल्या पडल्या मंत्र सुरू करतो, आणि पुष्कळदा पहाटच होते.

यंदाच्या सप्ताहात वाचकानं मध्ये आसन सोडायचं नाही हा नियम तसाच राहणार आहे. श्रोत्यांसाठी मात्र मागच्या बाजूला खुर्च्या मांडतोय, आणि रोजचं वाचन संपल्यावर कुणीही एकट्यानं उठायचं नाही, शेजाऱ्यानं हात द्यायचा, असं ठरवलं आहे. तरुण मंडळींनी उंबऱ्याशी उभं राहायचं कबूल केलंय. त्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला जयंतीच्या प्रसादाला बोलावलं आहे. वहिनींना तिला औदुंबराला एक फेरी काठीशिवाय घालून दाखवायची आहे. मी नको म्हणालो. ऐकत नाहीत. तेव्हा काठी माझ्या हातात असेल, आणि मी त्यांच्या मागे दोन पावलांवर.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥